किटकिट

हॅनकॉक, मिशिगन. जानेवारी, उणे चोवीस.
किल्ली फिरवली की आधी एक लांब कण्हणं,
मग इंजिन लागतं
आणि त्याच्या मागोमाग ते.
पहिली चार मिनिटं.
कालव्यावरचा पूल येईस्तोवर ते गेलेलं असतं,
जणू मीच मनानं रचलेलं.

एइनो लाहतीचं गॅरेज अकरा मिनिटांवर.
म्हणजे मी पोचते तेव्हा ब्यूक
तपासणीला साहेब आलेल्या वर्गासारखी गप्प.
तीनदा गेले. तीनदा त्यानं बॉनेट उघडलं,
तीनदा आम्ही दोघं माना तिरप्या करून
न येणारा आवाज ऐकत उभे राहिलो.

"येतो तरी कसा?"
इथे माझी पंचाईत.
इंग्रजीत माझ्यापाशी शब्द दोन, टिक आणि नॉक,
आणि तो दोन्हींत मावत नव्हता.
खडखड नव्हे, खडखड रिकाम्या डब्याची.
खरखर रेडिओची, नाहीतर घशाची.
घरघर लागली असती तर बाबा रे
मी तुझ्याकडे नाही, भंगारवाल्याकडे गेले असते.
कुरकुर दाराची. आणि सतीशची,
तो ह्यूस्टनहून फोनवर म्हणतो, विकून टाक.
टकटक म्हणजे बाहेर कुणीतरी आहे.
हे आतलं.

"किटकिट," म्हणाले शेवटी
आणि त्याच्या काउंटरवर नखानं वाजवून दाखवलं,
पाय दाबला की कशी घाई करते तेही.
एइनोनं कानामागची पेन्सिल काढली.
"स्पेलिंग?"

मग म्हणाला, गाडी रात्रभर इथेच राहू दे, बाहेर.
पहाटे सहाला ये.
ताप उतरल्यावर कशाला आणतेस पेशंटला?

(तापल्यावर धातू किती वाढतो
त्याचं सूत्र मी दर सप्टेंबरात फळ्यावर लिहिते,
पलीकडच्या गावात, कॉलेजात.
हे मी एइनोला सांगितलेलं नाही.)

सहा वाजता नाकातले केससुद्धा कडक.
त्यानं पट्ट्यावर पाणी शिंपडलं: पट्टा नव्हे.
तेलाची कांडी ओढून पाहिली: काकवीसारखं, पण पुरेसं.
मग एक जुना झाडूचा दांडा घेतला,
एक टोक इंजिनवर, दुसरं उजव्या कानामागच्या हाडावर.
डावा कान त्यानं करवतीला दिलाय,
वीस वर्षं जंगलात झाडं तोडताना.
दांडा सरकत गेला
पुढून मागे, मागून अजून मागे,
पार भिंतीलगत, जिथे हात शिरत नाही.
थांबला.
"ये. ऐक."

हाडातून आली. माझीच. किट किट किट किट,
एवढी जवळ की दातांत वाजली.
मग बारीक झाली. मग अडखळली.
मग नुसती इंजिनची गुणगुण.
दांडा मी तरी काढला नाही.

टॉर्चच्या उजेडात काजळीची रेघ, बोटभर.
एक बोल्ट तुटलेला. गार असताना फट,
तिथून धूर फुसकतो;
लोखंड फुगलं की फट मिटते.
"फुगतं ते," एइनो म्हणाला,
हातांनी किती ते दाखवत. बरंच जास्त दाखवलं.
"हो का," मी म्हणाले.

तुटका तुकडा निघायला साडेतीन तास आणि गॅसची ज्योत.
बिलावर, तक्रारीच्या रकान्यात,
त्याच्या गिचमिड अक्षरात: किटकिट.
एका टी-सह, दुसरा विसरलेला.

मार्चमध्ये तेल बदलायला गेले
तर कुणाच्या तरी पिकअपखालून तो ओरडला,
नुसते बूट दिसत होते:
"ही किटकिट नाही! ही वेगळी आहे.
आहे का शब्द तुमच्यात?"

मी पर्स स्टूलवर ठेवली.
टोपी कानावरून वर सरकवली.
वाकले.