पाठ

मलप्रभेच्या घाटाला आता फाटक आहे.
तिकीट पाच रुपये. खुर्चीत फक्कीराप्पा,
सुटे नसले तर "असू दे, जाताना द्या" म्हणणारा,
कधी कन्नडात, कधी आपल्यात.
समोरच्याच्या चपला बघून भाषा ठरवत असावा.

आम्ही तिघी गेलो: निंगूआत्ती, मी, माझी सौम्या.
नदी खाली गेलेली. पुलाच्या खांबांवर
गेल्या पुराची चिखलरेघ, माझ्या डोक्याच्याही वर.
सिमेंटच्या हत्तीच्या सोंडेतून तार बाहेर आलेली,
त्यावर कुणीतरी पोराची टोपी वाळत घातलेली.

मधे लोखंडी कठडा. आत एक दगड उभा.
निळी पाटी, सगळी कन्नडात.
सौम्या त्याच शाळेतली, भराभर वाचते.
मला बसवरच्या नावांपुरतं येतं,
बेळगावी, धारवाड, लोंढा, तिथं संपलं.
आत्तीला दोन्ही लिप्या सारख्याच: मुंग्या.

"काय वाचूलीस गे?"
"वीरगल्लु. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड.
नाव कळत नाही. गाव कळत नाही.
गुरं सोडवताना मेला असावा, लिवलंय."
"कुणाची गुरं?"
ते पाटीवर नव्हतं.

खालच्या चौकटीत ढाल, आणि शेपट्यांची गर्दी.
मधल्या चौकटीत दोन बायका
त्याला काखेत धरून वर नेताहेत,
दवाखान्याच्या पायऱ्या चढवावा तसा.
वर तो पिंडीसमोर मांडी घालून बसला आहे.
त्याच्याही वर चंद्र आणि सूर्य, एकाच वेळी.

आत्ती एवढ्यात मागच्या बाजूला गेली होती.
बराच वेळ आली नाही.
मग गजांतून तिचा हात आत गेला, बांगड्या अडकल्या,
आणि दगडाच्या पाठीवरल्या खळग्यात
बरोबर जाऊन बसला.

"ह्यो माझा दगड की गे."

घाटावरचा तिसरा.
पहिला गंगव्वाचा. दुसऱ्याखाली साप निघालेला,
तिथं कुणी बसत नव्हतं. तिसरा हिचा.
लग्नाच्या दुसऱ्या सकाळपासून दारात नळ येईतोवर.
कौलांच्या कारखान्यातले मामाचे शर्ट,
त्यांतली तांबडी माती सुटायची, सुटायची,
आणि खाली म्हशी लाल पाण्यात उभ्या.
खळग्यात साबणाची वडी.
मामा गेला ती चादरसुद्धा इथंच.

"पालथा होता गे. आम्हांस काय ठाऊक,
खाली माणूस हाय म्हणून."

फक्कीराप्पा उठून आला होता.
पायऱ्या बांधताना जेसीबीनं उलटला, तो म्हणाला,
वाळूत तोंड होतं, म्हणून नाक शाबूत राहिलं.
तिकडच्या देवळातले सगळे बघा, घासून गुळगुळीत.

आत्ती पुढं आली.
एवढी वर्षं नुसती पाठ पाहिलेल्या माणसासमोर
उभं राहावं तशी उभी राहिली. पदर नीट केला.
"लई बडवलं रे तुला," म्हणाली.
तो समोर पिंडीकडे बघत होता.
त्याच्या मिशीत वाळूचा एक कण चमकत होता,
किंवा तो दगडाचाच असेल.

सौम्यानं मोबाइल काढला.
"फुडनं नको," आत्ती म्हणाली, "मागनं काढ."

निघताना फाटकाशी मी पिशवी चाचपू लागले.
आत्तीनं मला थांबवलं.
"माझ्या दगडाला भेटायला कसलं गे तिकीट?"
फक्कीराप्पा हसला, बर्री अक्का, म्हणाला, या पुन्हा.
रस्त्यापर्यंत ती ऐटीत चालली.
मग थांबली. कनवटीची गाठ सोडली,
पाचाचं नाणं काढून परत गेली,
आणि त्याच्या हातावर ठेवताना म्हणाली,
"त्याच्यावर बसणाऱ्या कावळ्यांस हाकल जा."