डोळ्याची उंची

पोवई नाक्यावर, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर
माझं टेबल. दोन स्क्रीन, एक पंखा.
यवतेश्वरच्या मागचा सडा
मी तीन दिवसांत उभा केला नुसत्या आकड्यांतून,
त्रिकोणाला त्रिकोण जोडत,
वाकळ शिवावी तसा.
मग त्यावर सात मजले ठेवले.
ठेवले म्हणजे उचलून ठेवले. आवाज झाला नाही.

साहेबांचा फोन : पुढं जरा झाडं वाढवा.
लायब्ररीत झाडं पुष्कळ. मेपल आहे, बर्च आहे.
अंजनी नाही, गेळा नाही.
मेपललाच बुटकं केलं.
धुकं पंधरा टक्के करा.
केलं. इमारत शहाण्यासारखी मागे सरकली.

सुनावणी शाळेच्या व्हरांड्यात.
आधीचं चित्र, नंतरचं चित्र, फ्लेक्सवर शेजारी शेजारी.
लोक चहा पीत बघत होते,
लग्नाच्या फोटोत आपण कुठे आहोत
ते शोधावं तसे.

भागाबाई आखाडे पुढे आल्या.
"पोरी, हे कुठं हुबं ऱ्हाऊन बघितलंस?"
म्हटलं, रस्त्यावरून. एक मीटर साठ.
माणसाच्या डोळ्याची उंची.
"रस्त्यावर कोण ऱ्हातंय?
मी उंबऱ्यात बसती.
मार्गेसरात दिस त्या दोन दगडांच्या खाचंत बुडतो,
तवा शेरडं आत घेती.
ती खाच कुठाय हितं?"

रात्री कॅमेरा उंबऱ्यात नेऊन बसवला.
पंचाऐंशी सेंटिमीटर.
झाडं काढली. धुकं शून्य.
सॉफ्टवेअरला मार्गशीर्ष कळत नाही, डिसेंबर टाकला
आणि सूर्य बोटानं सरकवत नेला.
पाच वाजून आठ मिनिटांनी
तो पाण्याच्या टाकीमागे गेला.
खाच अजून बावीस मिनिटं लांब होती.
शेरडं बाहेरच असणार.
मी ती काढलीच नव्हती.

पुढच्या सुनावणीला एक साधा प्रिंट नेला,
साहेबांना न विचारता.
भागाबाईंनी तो मांडीवर घेतला
तोवर हजेरीचा कागद आला, शाईचा पॅड आला.
अंगठा उठवून झाल्यावर, पुसायच्या आधी,
त्यांनी तो चित्रावर टेकवला.
बरोबर सात मजल्यांवर.
"आत्ता दिसला माजा डोंगुर."
मग कुणीतरी हाक मारली, त्या उठल्या.

प्रिंट माझ्याकडेच राहिला.
इमारतीच्या जागी निळी टेकडी,
रेघेत रेघ, रेघेत रेघ,
नकाशावर उंचीच्या असतात तशा.
किती मीटरला एक,
ते कुठे लिहिलेलं नाही.