पुन्हा सांग

वार्देच्या टेकडीवर, रेडिओच्या खोलीत
माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं
ऐकण्याचा पगार घेतला.
कानांवर जाड हेडफोन, पुढ्यात वही,
आणि बारेंट्स समुद्राची खरखर,
तव्यावर मासा टाकावा तशी, रात्रभर.
त्या खरखरीतून एखाद्या बोटीचं नाव
ते काटा काढावा तसं अलगद काढत.

नियम एकच: ऐकलेलं आधी परत म्हणायचं.
"तुम्ही म्हणालात, इंजिनात पाणी.
तुम्ही म्हणालात, तिघे जण. बरोबर?"
पलीकडून 'बरोबर' आल्याशिवाय
पेन्सिल वहीला टेकत नसे.

एका फेब्रुवारीत, कुठल्याशा छोट्या बोटीवरचा पोरगा
म्हणाला, सगळं ठीक आहे.
पुन्हा सांग.
ठीक आहे.
पुन्हा सांग.
'ठीक'च्या आधी तो श्वासभर थांबत होता.
तेवढ्यावर त्यांनी बचावनौका सोडली.
त्या पोराची आई पुढे दर नाताळात
एक वाळवलेला कॉड आमच्या दाराला टांगून जायची,
घंटी न वाजवता.

हेच वडील घरी आले
की कान खुंटीला, ओल्या कोटाशेजारी.
आई बोलायची वर्तमानपत्राच्या पाठीशी.
वर्तमानपत्र म्हणायचं, हूं.
तिचं वाक्य अर्ध्या वाटेत असताना
त्यांचं उत्तर बूट घालून दारात उभं.
गुडघा दुखतो. – लोकरीचे मोजे घे.
बहिणीचा फोन नाही. – तूच कर.
आणि दर नोव्हेंबरात, कप विसळता विसळता,
खिडकीकडे बघत: "गेला सूर्य."
"जानेवारीत येईल. विसाव्या तारखेच्या आसपास."
चूक काहीच नव्हतं त्यात.
सूर्य यायचाही.

मग टेकडीवरची खोली बंद झाली,
तिचं काम दक्षिणेकडे कुठेतरी गेलं.
वडिलांना एक घड्याळ मिळालं, केकही.
हेडफोन त्यांनी मागून घेतला.
तो फडताळात, पिठाच्या डब्यामागे.

त्या वर्षीचा नोव्हेंबर.
मी सुट्टीत घरी, दारात, एक बूट पायात, एक हातात.
आई म्हणाली, गेला सूर्य.
वडिलांनी तोंड उघडलं. मिटलं.
वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा एक घडी,
शेवटी ते पाकिटाएवढं झालं.
"रांगन्फ्रीड, तू म्हणालीस, सूर्य गेला. बरोबर?"

आई हसली. मला वाटलं, थट्टा झाली, संपलं.
पण ती नळ बंद करून म्हणाली,
"नाही. मी ते म्हणतच नव्हते."
"मग पुन्हा सांग."
"छत्तीस वर्षांचं आहे, आयलर्ट."
"मी चॅनेल सोडत नाही."

पुढचं सगळं मला कळलं नाही.
काही शब्द आले दाराशी: ती पहिली हिवाळी,
पाळणा, तुझी रात्रपाळी,
आणि कोणाचं तरी नाव, जे आमच्या घरात
मी कधी ऐकलं नव्हतं.
मधूनमधून वडिलांचा आवाज,
टेकडीवरचा तो, सपाट, सावकाश:
तू म्हणालीस… तू म्हणालीस…
आणि आई: नाही, तसं नव्हे.
आणि आई: हो.
कॉफी गार झाली.
कोणी उठून ओतली नाही.

आता मी त्रोम्सोहून फोन करते
तर माझं प्रत्येक वाक्य ते मला परत देतात,
बहुधा चुकीचं. मी वैतागते.
दुरुस्त करता करता कळतं
की मलाही ते तसं म्हणायचं नव्हतं.

परवा घाईत होते. बस समोर दिसत होती.
म्हटलं, सगळं ठीक आहे बाबा, ठेवते.
खरखर. मग तो आवाज:
"तू म्हणालीस, ठीक.
त्याच्या आधी थांबलीस.
पुन्हा सांग."

बस गेली.
मी थांब्यावरच्या बाकावरचा बर्फ
हातमोज्याने झटकला, आणि बसले.