पाचावर धारण

गुरुवारी दुपारी ऑफिस आवरताना
नगरपालिकेचं पत्र आलं.
एकच पान, खाली हिरव्या शाईची सही.
रुस्ताकच्या रस्त्यांमधल्या हिरवळीला पाणी घालायला
चौदा टँकर होते. पुढच्या महिन्यापासून सहा.

खलफाननं अरबीतून वाचून दाखवलं,
मी मराठीतून ऐकलं
आणि इंग्रजीत टाईप करायला घेतलं :
आठ गाड्या, आठ ड्रायव्हर, अकरा हेल्पर.
कुठल्याच भाषेत ते कमी होईनात.

‘बरं झालं,’ खलफान म्हणाला,
‘वाळूत गवत हवं कशाला?
पांघरुणाएवढेच पाय लांबवावेत.’
(आमच्याकडे अंथरूण म्हणतात.
खाली असो की वर,
आखडायचे ते पायच.)
‘नाहीतर कर वाढेल पुन्हा.’

त्याची बहीण झुवैना शाळेत शिकवते.
वर्गात एकेचाळीस मुली, एक पंखा बंद.
ती म्हणते, वाढू दे की,
ज्यांच्या दारात चार गाड्या उभ्या आहेत
त्यांच्यापासून सुरुवात करा.
खलफानच्या दारात दोन आहेत.
तो कॉफीत खजूर बुडवत राहिला.

मला कुणी विचारलं नाही.
इथे मला मत नाही, पावती आहे.
साबण, चिक्की, केसांचं तेल :
रियालमागे पन्नास बैसा.
बैसा म्हणजे आपला पैसाच,
कधीतरी गलबतात बसून आला
आणि परतायचं राहून गेलं.

आई फोनवर विचारते,
‘तिकडे कर नसतो ना गं? म्हणून तर गेलीस.’
‘आता असतो. शंभराला पाच.’
‘म्हणजे पाचावर धारण बसली म्हण,’
आणि आपल्याच विनोदावर हसते.
फोन ठेवल्यावर मीही हसते, जरा उशिरा.

कर म्हणजे हात, शाळेत घोकलेलं.
कर म्हणजे पट्टी.
आणि कर म्हणजे नुसतंच : कर!
कुणीतरी कुणाला तरी सांगतंय.
काटकसर त्याहून सभ्य शब्द.
काट वर बसलेल्यानं मारायची,
कसर खालच्या कागदांना लागते.

शुक्रवारी खलफाननं गावी नेलं,
त्यांचा फलज बघायला.
डोंगराच्या पोटातून येणारं पाणी,
अर्ध्या अर्ध्या तासानं वाटलेलं.
पूर्वी म्हणे ताऱ्यांवर मोजायचे,
आता म्हाताऱ्या मुहन्नाच्या मनगटावरच्या घड्याळावर.
आधी पिणाऱ्यांचं, मग मशिदीचं,
मग मेलेल्यांना आंघोळ घालायची जागा,
मग खजुरी.
हा क्रम कुणी लिहिला ते त्याला ठाऊक नाही,
वही मात्र त्याच्याकडे आहे.

भुयारात एका ठिकाणी छत खचलंय.
चटईवर तोच वाद, फक्त टाय नाहीत :
पाळीमागे जास्त घ्या,
नाहीतर मशिदीचे दिवे कमी करा.
दोन खजुरींची मालकीण असलेली एक म्हातारी
मधेच म्हणाली, माझी अर्धी पाळी विका,
पण आज कोण आत उतरणार ते सांगा.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
मी मनातल्या मनात म्हटलं. तिला ते कळलं असावं.
तिनं माझ्या हातावर लिंबू ठेवलं.

सगळे एकमेकांकडे बघत होते
तेवढ्यात विहिरीसारख्या भोकातून
एक डोकं वर आलं, चिखलानं माखलेलं.
‘सलाम, मॅडम.’
मोफज्जल. माझ्या यादीत सातवा.
सकाळपासून आतच होता,
वाद सुरू व्हायच्या आधीपासून.
मुहन्नानं नऊ रियाल मोजून दिले,
म्हातारीचं पाणी विकलं जायच्या आधीच, खिशातून.

नोटा कोरड्या राहाव्यात म्हणून
दातांत धरून त्यानं विचारलं,
‘ह्याच्यावर पण पाच टक्के?’

नाही, म्हटलं.
चिखल धुवायला साबण घेशील ना,
तेव्हा.