हातचा

वहीच्या मागच्या पानापासून मी हिशेब लिहिते,
पुढच्या पानांवर सिव्हिल इंजिनियरिंग.
दोन्ही एकमेकांकडे सरकताहेत;
नोव्हेंबरात कुठेतरी तुळईच्या आकृतीवर
कांद्याचा भाव येऊन आदळणार.

कोचाबांबातली खोली. भाडं चारशे, दोघींत दोनशे.
रोक्साना खिडकीकडे झोपते, मी गॅसच्या टाकीकडे.
पाणी टँकरचं, मंगळवारी नि शुक्रवारी.
तांदळाचं धुवण बटाटे धुवायला,
बटाट्यांचं बशा विसळायला,
बशांचं मालकिणीच्या जिरेनियमला.
त्या बदल्यात ती आमचा विजेचा मीटर
चष्मा न लावता वाचते.

मिनीबसचे दोन बोलिव्हियानो वाचवायचे
तर पन्नास मिनिटं चालायचं.
पण बुटाचा तळ झिजतो. तेही मांडून पाहिलं:
तळ बदलायला चाळीस, म्हणजे वीस फेऱ्या.
एकविसाव्या फेरीपासून मी फायद्यात.
तोवर नुसतीच चालते.

मृदाशास्त्राचं पुस्तक सातजणांत मिळून झेरॉक्स केलं.
माझ्या वाट्याला प्रकरण चार ते सहा.
पाया मला तोंडपाठ आहे;
उतार कोसळतो कसा,
हे एलियोदोरोच्या खोलीवर जाऊन वाचावं लागतं.

आई ओरुरोकडून बसने चुन्यो पाठवते:
पठारावरच्या रात्रीत गोठवलेले,
पायांनी तुडवून उन्हात सुकवलेले बटाटे,
काळे, खड्यांसारखे, वजनाला काहीच नाहीत.
भिजवले की पुन्हा बटाटे होतात.
फोनवर मीही तिला सगळं असंच
सुकवून सांगते.

तरी ऑगस्टचा ताळा जुळेना.
पैसे संपले होते तेवीस तारखेला
आणि मी तर एकतीसपर्यंत जेवले होते.
तीनदा बेरीज केली. रोक्सानाकडून करवली.
ती म्हणाली, चूक तुझ्या बाजूने आहे ना,
मग झोप की आता.

बाजारात डोन्या एउलोहियाच्या गाळ्यामागे,
कांद्याच्या पोत्यावर बसून
मी तिच्या नातीला गणित शिकवते, तासाला दहा.
सत्तेचाळीस अधिक अडतीस.
योसेलिन लिहिते, पंचाहत्तर.
हातचा कुठे गेला?
तो लिहायचा असतो?
हो. डोक्यावर, बारीकसा.

पुढे, गिऱ्हाइकाचे टोमॅटो तोलून झाले होते,
काटा थांबला होता, पैसे कनवटीला गेले होते,
तरी एउलोहियाचा हात पुन्हा ढिगात गेला
आणि दोन टोमॅटो पिशवीत पडले.
यापा म्हणतात इथे. तागडीबाहेरचं.
रोजच्या गिऱ्हाइकानं ते हक्कानं मागायचं असतं.
मी मागत आलेय मार्चपासून:
एक गाजर, ओंजळभर वाटाणे,
सरबताचा पेला संपल्यावर वर अर्धा पेला.
एकदाही वहीत लिहिलं नाही.

तास संपला. मी आणखी पंधरा मिनिटं बसले,
हातच्याची चार गणितं घातली.
एउलोहिया काही बोलली नाही.
काट्यावर फडकं टाकलं,
आणि दहाची नोट दिली, चुरगळलेली, ओलसर.

रात्री नवा रकाना आखला.
गाजर लिहिलं. पुढे भाव काय लावायचा, सुचेना.
रोक्साना म्हणाली, उद्याला चुन्यो भिजवू?
भिजव, म्हटलं. एक मूठ जास्त घाल,
एलियोदोरो उतार घेऊन येतोय.