विचारलं तेवढंच

अनेरच्या काठी ठाणं होतं तेव्हाची गोष्ट.
मी दाणावैरणीचा कारकून.
दौतीत शाई कमी, नदीत पाणी कमी,
बाकी सगळं रगड :
तोफा चार, बैल एकशे वीस, एक म्हातारी हत्तीण.
शिपाई किती, ते लिहायची मला परवानगी नव्हती,
पण भाकरी मोजल्या की शिपाई मोजता येतात.

ठगूबाई रोज गवताचा एक भारा आणायची, दोन पैसे न्यायची.
चैत्रात तिच्या पोराला वेठीला धरलं,
तोफेमागे, चोपड्यापर्यंत, उन्हात, अनवाणी.
पोरगा परत आला. पाय आले नाहीत म्हणा.
दुसऱ्या दिवशीही ठगूबाई भारा घेऊन आली,
मान खाली, नेहमीसारखी.
भाऱ्याच्या पोटात मात्र कुसळी.
बैलांच्या जिभा सोलल्या.
सालोत्री म्हणाला, उन्हाळ्याचा रोग आहे.
मी तसं लिहिलं.

तापी उतरायला सुपडू कोळ्याची एकच होडी उरलेली.
बाकीच्या ठाण्यानेच जाळल्या,
बंडवाल्यांच्या हाती लागतील म्हणून.
सुपडू पूर्वी काठी न टाकताच सांगायचा,
इथे गाळ, इथे खडक, इथे मगर निजते.
भावाची होडी जळाल्यापासून
तो नुसता वल्हवायचा.
दारूची पिंपं गाळात गेली
तेव्हा त्याला पंचवीस फटके बसले.
उठला, काठी पुसली,
पुढची खेप केव्हा, म्हणाला.

रेमल्या नाईक तर आमचाच होता.
त्याला पागोटं दिलं होतं, महिना सात रुपये,
आणि एक शिक्क्याचा कागद, ज्यात तो 'दोस्त' होता.
दरबार भरला की जाजम अंथरायचे.
रेमल्याची जागा जाजम संपल्यावर,
घोड्यांच्या थोडी अलीकडे.
माघात पलटणीने चुकून त्याच्याच भावकीचा पाडा पेटवला.
चूक कळली. दोन घोंगड्या पाठवल्या.
पावती मीच लिहिली.
अंगठा उमटवायला त्याने इतका वेळ लावला
की शाई वाळली,
पुन्हा लावावी लागली.

वैशाखात सातपुड्यात शिरायचं ठरलं.
साहेबाने विचारलं, वाट आहे?
"वाट शे."
तोफा जातील?
"जातीन."
वर झिरे आहेत?
"शेतस."
एक शब्द खोटा नव्हता.
झिरे होते. वैशाखात ते कोरडे असतात का,
हे कुणी विचारलं नाही.
तोफा गेल्या. त्या घळीत वळवता येतात का,
हेही नाही.

मी तिथेच होतो, वही मांडीवर घेऊन.
माझं आजोळ त्याच डोंगराखालचं,
मला झिरे नावानिशी ठाऊक.
साहेबाने एकदा माझ्याकडे पाहिलंही,
म्हणजे वहीकडे.

पाचव्या दिवशी हत्तीण एकटी परत आली.
ठगूबाईच्या पोराने रांगत नदीपात्रात जाऊन
हातांनी वाळू उकरली,
तिला पाणी पाजलं.

वर काय झालं, मला माहीत नाही.
लढाई झाल्याचं कानावर आलं नाही,
एक गोळी सुटल्याचंही नाही.
ठाण्याच्या दारात रेमल्याचं पागोटं सापडलं,
नीट घडी घातलेलं,
आत त्या महिन्याचे सात रुपये.

ज्येष्ठात दुसरे आले. निशाण वेगळं, तोफा सहा.
आधीच्यांचं काय चुकलं, ते नव्या साहेबाला पाठ होतं :
माणसं कमी पडली, तोफा कमी पडल्या.
त्याने माझी वही चाळली,
हिशेब चोख आहे म्हणाला, नोकरी कायम केली.
मग उंबऱ्यात उभा राहून, गावाकडे बघत,
इथली माणसं कशी आहेत रे?

गरीब आहेत साहेब, मी म्हणालो,
आणि बोरू शाईत बुडवला.