लेद

फ्योर्डकाठच्या शेडमध्ये ओनुंड
फळीवर फळी चढवतो. गुन्वोर
आतून, बोटीच्या पोटात, चकत्या धरून बसलेली.

"सौम दे." ती खिळा देते.
इथे खिळ्यालाही सौम, शिवणीलाही सौम.
कधीकाळी बोटी शिवायचे
झाडांच्या मुळ्यांनी;
त्या दोऱ्याचं एवढंच उरलंय.

(आमच्याकडे बारक्या खिळ्याला चूक म्हणतात,
मी सांगितलं. चूक ठोकतात.
ओनुंड हसला नाही.)

बोटाच्या सांध्याला लेद,
साखळीतल्या कडीलाही,
आणि पिढीला.
त्याची पेरं सुजलीत. खिळा चिमटीत ठरत नाही,
घरंगळतो तळाला.
हे कितवं लेद, तो मोजू लागतो:
पणजा, आजा, बाप, आपण.
गुन्वोरपाशी
बोट मिटत नाही.

"ऑगस्टात मी ट्रॉन्हाइमला चाललेय," ती आतून म्हणते.
हातोडा थांबतो.
मग एक खिळा वाकडा जातो, अगदीच वाकडा,
आणि दोघं हसत सुटतात,
फळीच्या अलीकडे एक, पलीकडे एक.

हसून झालं, याला पण लेदच म्हणतात,
हे तिनं मला नंतर कळवलं,
ट्रॉन्हाइमहून.